शेवंतीचा स्तबक आणि तिचा देठ

शेवंतीचे एक फूल हाती घेऊन त्याची एखादी पाकळी बुडापासून हलकेच सोडवावी आणि साध्या भिंगाखाली धरावी. तिच्या तळाशी इवलीशी नळी, नळीतून डोकावणारी दुभंगलेली कुक्षी आणि त्याखाली कोवळा अंडाशय दिसला, म्हणजे आजवर जिला आपण पाकळी म्हणत आलो ती वस्तुतः एक स्वतंत्र स्त्रीपुष्प आहे, याची खात्री पटते. शेवंती हे एक फूल नव्हेच; एकाच आसनावर दाटीवाटीने बसलेल्या शेकडो पुष्पांची ती सभा आहे, आणि या सभेला वनस्पतिशास्त्रात स्तबक म्हणतात. कडेला जिभेसारखी लांबट किरणपुष्पे बसतात, मध्यभागी स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असलेली बारीक पिवळी बिंबपुष्पे असतात. जपानच्या राजमुद्रेवरील शेवंतीच्या ज्या १६ पाकळ्या जगाला परिचित आहेत, त्याही या दृष्टीने १६ किरणपुष्पेच होत.

हे एकदा ध्यानी आले की शेवंतीच्या प्रकारांचे अवघे दफ्तर उलगडू लागते. अमेरिकेतील शेवंती-संघाने प्रदर्शनांसाठी १३ वर्ग ठरवले आहेत. परंतु ती सारी नावे पाठ करण्याचे प्रयोजन मला फारसे वाटत नाही. बिंब उघडे आहे की झाकलेले, किरणपुष्पे चपटी आहेत की नळीसारखी, आणि ती आत वळतात की बाहेर, एवढी चौकशी केली तरी बहुतेक फुलांचा निवाडा होतो. बिंब उघडे आणि भोवती किरणांची मोजकी वलये असली तर ती एकेरी शेवंती. तेच बिंब उशीसारखे फुगून वर आले तर अ‍ॅनिमोन. किरणपुष्पे आत वळून घट्ट चेंडू बांधतात ती इनकर्व्ह, बाहेर व खाली झुकतात ती रिफ्लेक्स. आणि किरण नळीच्या रूपात राहिले, तर टोकाशी चमचा उघडणारी स्पून, सरळ राहणारी क्विल व टोकाला आकडे वळवणारी स्पायडर. रंगाचा दाखला मात्र येथे ग्राह्य धरू नये, कारण एकच रंग यांपैकी कोणत्याही वर्गात आढळू शकतो.

आपल्या बाजारात याहून निकडीचा प्रश्न असतो तो हा, की टोपलीतले फूल शेवंती की अ‍ॅस्टर? फूल उलटे करून पाहावे. शेवंतीच्या पाठीवरील हिरव्या छदांना कागदासारखी सुकी, पातळ किनार असते. अ‍ॅस्टरची बाहेरची छदे लहान पानांसारखी हिरवी व सुटी असतात. शंका उरलीच, तर एक पुष्पक, म्हणजे स्तबकातले एक सुटे पुष्प, उपटावे: अ‍ॅस्टरच्या पुष्पकाच्या बुडाशी बारीक केसांचा झुपका सापडतो, शेवंतीच्या बुडाशी तो नसतो. पान हाताशी असेल तर ते चुरडताच येणारा शेवंतीचा उग्र वास स्वतःच साक्ष देतो. महाराष्ट्रात हार-वेण्यांसाठी पिढ्यानपिढ्या लावली जाणारी झिपरी याच परीक्षेला उतरते, आणि तिच्या विस्कटलेल्या किरणांना हे नाव किती समर्पक आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शेवंतीच्या पानांकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. रात्री लांबल्या की शेवंती कळी धरते. दिवसमानाचा हा हुकूम वनस्पती पाळतात, हे गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून दाखवले, आणि रशियातील चैलाख्यान यांनी पुढे शेवंतीवरच प्रयोग करून सिद्ध केले की रात्रीची लांबी जोखतात ती पाने, कळीचे अग्र नव्हे. फुलदाणीतही पानेच प्रथम हार खातात. फूल टवटवीत असताना पाने माना टाकतात, आणि त्याचे कारण देठात असते.

पानांतून बाष्प उडते, त्याच्या ओढीने जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर चढतो. देठ कापताक्षणी हा ताणलेला स्तंभ मागे सरतो आणि छेदातून हवा आत शिरते. शिवाय जखम बुजवण्यासाठी देठ स्वतःच छेदाजवळच्या वाहिन्या बंद करू लागतो, आणि पाण्यात वाढणारे जीवाणू उरलेली वाट अडवतात. म्हणून देठाचा लाकडासारखा कठीण झालेला तळभाग सोडून, वरच्या हिरव्या भागात धारदार सुरीने, शक्य तर पाण्याखालीच, नवा छेद द्यावा, आणि पाण्यात बुडणारी पाने आधी काढावीत. फुलदाणी साबणाने घासलेली असावी. पाणी रोज बदलावे. नुसती साखर घालणे हे जीवाणूंना जेवण वाढण्यासारखे आहे. ती घालायचीच तर थोड्या लिंबूरसासह आणि जंतुनाशकाच्या दोन-चार थेंबांसह घालावी.

परंतु हारासाठी तोडलेल्या बिनदेठाच्या सुट्या शेवंतीला हे सारे उपाय लागू पडत नाहीत, कारण पाणी वर नेणारी वाटच तिला उरलेली नसते. तिच्यात आहे तेवढे पाणी उडू न देणे एवढेच आपल्या हाती असते. त्यासाठी हवा थंड व दमट हवी, मात्र फुलांवर थेंब साचू नयेत, अन्यथा रात्रीतून करडी बुरशी धरते. फुले शिंपडून ओली करण्याऐवजी करंडीला आतून केळीचे पान लावावे, वर पिळून काढलेले ओले फडके घालावे, आणि करंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात सकाळपर्यंत ठेवावी.