नाळेतलं रक्त कुठे मरतं?

ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसच्या सां लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या एका अमेरिकी मुलाला त्याच्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवलेलं होतं. मुलगा बरा झाला. 23 वर्षांहून जास्त काळ गोठलेल्या नाळरक्तातल्या मूळपेशीही कामाच्या राहतात, हे ब्रॉक्समायर यांनीच 2011 मध्ये दाखवलं.

म्हणजे टाकीतली वर्षं हा मोठा धोका नव्हेच. द्रव नायट्रोजनात, उणे 196 अंशांना, पेशीतली रासायनिक उलाढाल जवळजवळ थांबते. पेशी मरतात त्या टाकीत जायच्या आधी आणि बाहेर पडताना.

नाळ कापली की घड्याळ सुरू. पिशवीतल्या औषधामुळे रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, पण पेशी ग्लुकोज खातच राहतात आणि आम्लता वाढते. म्हणून 48 तासांच्या आत गोठवण्याचा दंडक आहे. मे महिन्यात आपल्याकडे डबा कुरिअरच्या गाडीत तापत राहिला, तर हे तासही हाती उरत नाहीत. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जातात. मूळपेशी त्यामानाने चिवट.

गोठवणं हा खरा कसबाचा भाग. घाई केली तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. फार रेंगाळलं तर पाणी बाहेर पडून पेशी सुकते, क्षारांनी होरपळते. म्हणून पेशींना बर्फापासून वाचवणारं डीएमएसओ हे रसायन साधारण 10 टक्के मिसळून मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने तापमान उतरवतात. बर्फ धरताना पिशवीतून उष्णता बाहेर पडते, तेव्हा यंत्राला नेमका त्याच क्षणी थंडावा वाढवावा लागतो. शेजारची पिशवी काढायला टाकी पुन्हापुन्हा उघडली, तरी नुकसान होतं.

वितळवताना उलट: 37 अंशांच्या पाण्यात झटपट. मग डीएमएसओच बाधू लागतं, म्हणून डेक्स्ट्रान आणि अल्ब्युमिनने ते पातळ करतात.

नाळरक्त पेढीकडून पालकांना मिळणाऱ्या कागदावरचा ‘जिवंत पेशी’ हा आकडा बहुधा गोठवण्याआधीचा असतो. त्यावर विसंबणं भाबडेपणाचं. ट्रायपॅन ब्लू हा रंग मेलेल्या पेशीला निळं करतो, पण मरायला टेकलेली पेशी कोरीच दिसते. ती वाढते का, हे कळायला वसाहती उगवेपर्यंत दोनेक आठवडे थांबावं लागतं. ही चाचणी पिशवीला जोडलेल्या नळीच्या छोट्या तुकड्यावर करतात, म्हणजे मूळ पिशवी वितळवावी लागत नाही.