हिरवं पाणी आणि आमचे १८ ग्रॅम

दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर आम्ही सहा जण तीन दिवस नैनितालला गेलो होतो. जवळजवळ १९०० मीटर उंचीवरचा तलाव, म्हणजे पाणी आरशासारखं असणार, अशी माझी खात्री! पण होडीतून हात बुडवला तर बोटांना हिरवट साय लागली. मला तो निसर्गाचा रंग वाटला, फोटोही काढला. तेवढ्यात नाववाले चाचा म्हणाले, "साब, यही पानी पूरा शहर पीता है." शहराचं पाणी तलावाकाठच्या कूपनलिकांमधून उपसलं जातं. मी गप्पच झालो.

परतल्यावर एन्व्हायर्नमेंटच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "शेवाळाला काय लागतं?" मी पटकन म्हटलं, "ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड." "मग प्रत्येक तलाव हिरवा का नाही?" इथे आमची विकेट पडली.

उत्तर आहे फॉस्फरस. भेळेला चुरमुरे पोतंभर असले तरी चिंच वाटीभरच असेल, तर भेळ चिंचेपुरतीच होणार. डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये कॅनडातल्या एका तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला!

आता गणित बघा. शेवाळाच्या सरासरी रासायनिक सूत्रावरून १ ग्रॅम फॉस्फरसमागे सुमारे ११४ ग्रॅम कोरडं शेवाळ तयार होऊ शकतं. माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण १ ते २ ग्रॅम फॉस्फरस जातो. म्हणजे आम्ही सहा जणांनी तीन दिवसांत निदान १८ ग्रॅम सोडला. तो सगळा तलावात पोचला, तर दोन किलो शेवाळ!

आणि पोचायला वाट सोपी आहे. डोंगरातला तलाव म्हणजे वाडग्याचा तळ. पावसात गटार तुंबून वाहिलं की सांडपाणी, उतारावरची माती, कचरा, सगळं नाल्यांतून खालीच येतं.

पुढची गंमत तळाशी असते. उन्हाळ्यात वरचं गरम, हलकं पाणी खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं, तिथला ऑक्सिजन संपतो. मग गाळात लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. हिवाळ्यात पाणी वर-खाली मिसळलं की तो पुन्हा वर हजर! म्हणून नाले आज बंद केले तरी जुनी उधारी फिटेपर्यंत तलाव हिरवा होत राहतो. नैनितालला २००७ पासून तळाशी हवा सोडायला लागले, ती याचसाठी.

हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शेवाळाचे (खरं तर हे जीवाणूच) काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात, आणि ते पाणी उकळूनही जात नाही.

थोडक्यात काय, हवा सोडणं हा उपचार झाला. आजार थांबवायचा तर सांडपाणी तलावाच्या वाटेला जाताच कामा नये. सिव्हिलवाल्यांनो, गटाराच्या डिझाइनला कंटाळवाणा विषय म्हणू नका. मीही म्हणायचो. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, पण आता कोणी "काय मस्त रंग!" म्हटलं, की मी १८ ग्रॅमचा हिशेब सांगतो.