वीस वर्षांची अट आणि बत्तीस महिला अधिकारी

दरवर्षी वर्षअखेरीला दिग्रसहून भीमा कोरेगावला गाड्या निघतात. 1 जानेवारीला विजयस्तंभासमोर निवृत्त सैनिक गणवेशात, छातीवर पदके लावून मानवंदना देतात आणि आपल्या पोरांच्या अंगावर काटा येतो. या वेळी परतल्यावर विहारात बैठक झाली. भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या एका मुलीने तिथे विचारले, "बाई सैन्यातून निवृत्त झाली तर तिला पेन्शन भेटते का?" आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

लष्कर कायदा 1950 चे कलम 12 सांगते की केंद्र सरकार अधिसूचनेने ज्या शाखा ठरवील, त्या सोडून स्त्रिया सैन्यात पात्र नाहीत. त्यामुळे डॉक्टर आणि परिचारिका वगळता सैन्याचे दार 1992 पर्यंत स्त्रियांना बंदच होते. त्या वर्षी काही शाखांत अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला, पण तो अल्पसेवेचा. आधी पाच वर्षे, मग मुदतवाढ. लष्करात ही मुदत वाढत वाढत 14 वर्षांपर्यंत गेली. अधिकाऱ्याला पेन्शन मिळण्यासाठी मात्र 20 वर्षे सेवा लागते. चौदा आणि वीस, हिशेब एवढाच आहे. अल्पसेवेतल्या पुरुष अधिकाऱ्यालाही चौदा वर्षांवर पेन्शन नव्हती, पण त्याला कायम नियुक्ती मागण्याचा रस्ता होता. बहुतेक शाखांत बाईला तो रस्ताच नव्हता. चाळिशीच्या आसपास घरी जायचे, हातात पेन्शन नाही आणि नवी नोकरी शोधायचे वय उलटलेले.

याविरुद्ध 2003 मध्ये वकील बबिता पुनिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. पुढे महिला अधिकारी स्वतः न्यायालयात गेल्या. हवाई दलाच्या पहिल्या महिला तुकडीतील विंग कमांडर अनुपमा जोशी त्यांपैकी एक. गणवेशात असताना आपल्याच खात्याविरुद्ध उभे राहणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. 12 मार्च 2010 रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लष्करातील महिलांचे प्रकरण मात्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे आणखी दहा वर्षे गेली.

त्या सुनावणीत सरकारने जे मुद्दे मांडले, ते आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावेत. स्त्रीच्या शरीराच्या मर्यादा, बाळंतपण, संसाराची जबाबदारी, आणि जवान बहुतांश ग्रामीण भागातले असल्याने त्यांची मने बाईचे हुकूम ऐकायला तयार नाहीत, असे ते मुद्दे होते. आम्ही ग्रामीण भागातलेच आहोत, आमच्या नावावर हे कोणी खपवले ते कळले नाही! पण ही भाषा आपल्या समाजाला नवी नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढवय्या जाती' नावाची कल्पना पुढे करून महारांची भरती बंद केली, तेव्हाही माणूस काय करू शकतो हे न पाहता त्याचा जन्म पाहिला होता. 1886 साली सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर गप्प बसले नाहीत. 1894 मध्ये त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. निवृत्त सैनिकाने मागून येणाऱ्यांसाठी भांडण्याची आपल्याकडची ही सुरुवात. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडले.

सर्वोच्च न्यायालयाने 17 फेब्रुवारी 2020 रोजी सरकारचे मुद्दे फेटाळले. ज्या दहा शाखांत महिला अल्पसेवेत होत्या, तिथे त्यांचा कायम नियुक्तीसाठी विचार करा, आणि चौदा वर्षांहून जास्त सेवा झालेल्या ज्यांना ती मिळणार नाही त्यांना वीस वर्षे पूर्ण करू द्या, असा आदेश झाला.

तरी अंमलबजावणीत पुन्हा खोच निघाली, आणि 25 मार्च 2021 चा नितिशा निकाल आला. तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या बायकांचे वार्षिक गोपनीय अहवाल वरिष्ठांनी वर्षानुवर्षे वरवर भरले होते. बाईला पुढे बढती नाहीच, मग काळजीपूर्वक गुण देतो कोण? नंतर तेच अहवाल काढून त्यांना नापास केले गेले. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण त्याचा मार एकाच गटावर बसतो. शाळेत, नोकरीत 'गुणवत्ता' हा शब्द ऐकत मोठे झालेल्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

आणि ज्या आधीच घरी गेल्या होत्या त्यांचे काय? हवाई दलात 1993 ते 1998 दरम्यान रुजू झालेल्या 32 महिला अधिकाऱ्यांना 2006 ते 2009 मध्ये सेवामुक्त केले गेले होते. रुजू होताना त्यांना पाच वर्षांनंतर कायम नियुक्तीचा विचार होईल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात मिळाली ती मुदतवाढ. विंग कमांडर ए. यू. तय्यबा आणि इतरांच्या या प्रकरणात नोव्हेंबर 2022 मध्ये निकाल लागला. इतक्या वर्षांनी परत सेवेत घेणे शक्य नाही, पण वीस वर्षे पूर्ण झाली असे मानून, निकषांत बसणाऱ्यांना पेन्शन द्या, असे न्यायालयाने सांगितले. मधल्या वर्षांचा पगार नाही. गणवेश उतरवून तेरा ते सोळा वर्षे झाल्यावर मिळालेला हा न्याय आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. हे सगळे अधिकाऱ्यांचे झाले. आपल्या गावातून मुली जातील त्या बहुधा अग्निवीर म्हणून. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सेवा चार वर्षांची आहे. त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे कायम करतात. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मुलगा असो वा मुलगी, अट एकच. लष्करात महिला अग्निवीरांची भरती सैनिकी पोलिसांत होते.

हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, "मग चार वर्षांत पदवी करून घ्यावी लागेल." धावणे तिने सोडलेले नाही. घरात कोणी निवृत्त जवान किंवा वीरपत्नी असेल, तर यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदले आहे का ते आधी पाहा. नियुक्तीपत्र, मुदतवाढीचे प्रत्येक पत्र आणि सेवामुक्तीचे कागद यांच्या प्रती काढून ठेवा. कागद जुळवायला मदत लागली तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो.