वेळापत्रक, सावली आणि सुट्टीचा प्रवास



वार्षिक परीक्षा जवळ आली, की घरोघरी एक विषय हळूच निघतो : यंदा सुट्टीत कुठे जायचे? मग बाबा तिकिटांचे पाहतात, आई डब्याचे पाहते आणि तुम्ही खिडकीची जागा कोणाला यावर भांडता. यंदा थोडा बदल करून पाहा. प्रवासाची आखणीच घरच्यांकडून मागून घ्या. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला जमणार नाही असे त्यात काही नाही. अंतर, वेळ, वेग, आलेख आणि त्रुटी एवढ्याच गोष्टी त्यात लागतात, आणि त्या तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत.

उदाहरणासाठी आपण वाशिम ते रामेश्वरम हा प्रवास घेऊ. वाशिमवरून जाणारा लोहमार्ग २००८ पर्यंत मीटर गेजचा होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांत एक मीटर अंतर होते. मोठ्या मार्गांवरील रुळांत १.६७६ मीटर अंतर असते. त्यामुळे लांब जायचे तर वाटेत गाडी बदलावी लागे. मार्ग रुंद झाला आणि लांबच्या गाड्या वाशिमला येऊ लागल्या. ओखा-रामेश्वरम ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा, नांदेड अशी दक्षिणेकडे जाते. तुमच्या गावाहून दुसरी गाडी सोयीची असेल तर ती घ्या. आखणीची रीत तीच राहील.

तारीख केव्हा बदलते?

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्हा चौघांची तिकिटे ९ मे या तारखेची होती. एका मोठ्या जंक्शनवरून गाडी ००.३५ वाजता सुटणार होती. ९ तारखेला रात्रीचे जेवण उरकून आम्ही साडेअकराला फलाटावर हजर झालो. गाडी आली, डबा सापडला, पण आमच्या जागांवर दुसरीच मंडळी झोपलेली! तिकीट तपासनिसांनी आमचे तिकीट पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमची गाडी काल गेली."

मी रागाने काही बोलणार, तोच सातवीतली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, रात्री बाराला तारीख बदलते ना? मग ९ तारखेचे साडेबारा म्हणजे ८ तारखेची रात्र." हे तिला अर्ध्या मिनिटात कळले होते. पण दोन महिने ते तिकीट माझ्या पाकिटात होते आणि ते मी तिला एकदाही दाखवले नव्हते. ती रात्र आम्ही प्रतीक्षालयात सामानावर डोके टेकून काढली. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे : तिकीट घरातल्या प्रत्येकाने वाचायचे, आणि मुलांनी आधी.

रेल्वेचे घड्याळ २४ तासांचे असते. ००.०० ते ०३.०० या वेळेतली गाडी असेल, तर तिकिटावरील तारखेच्या आदल्या संध्याकाळी घर सोडायचे, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. आठवड्यातून एकदा धावणाऱ्या गाडीबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाडीचा जो वार सांगितला जातो, तो ती जिथून निघते त्या स्थानकाचा असू शकतो. ओख्याहून निघालेली गाडी वाशिमला पोहोचेपर्यंत वार बदललेला असतो. आपल्या स्थानकाचा वार वेगळा शोधून काढा.

वेळापत्रकाचा आलेख

वेळापत्रकात प्रत्येक स्थानकापुढे तीन आकडे असतात : अंतर, आगमन आणि प्रस्थान. चौकटीचा कागद घ्या. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर मांडा. प्रत्येक स्थानकासाठी बिंदू काढून ते रेषेने जोडा. हा तुमच्या गाडीचा आलेख झाला.

आता तो वाचू या. रेषा जिथे आडवी आहे तिथे गाडी उभी आहे. रेषेचा चढ जितका जास्त, तितका वेग जास्त. अकोला ते वाशिम अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. समजा गाडीला त्यासाठी १ तास २० मिनिटे लागली, तर सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर झाला. आलेखातील लांब आडव्या रेषा मोठ्या थांब्यांच्या असतात. पाणी भरायचे किंवा जेवण घ्यायचे ते तिथे. दोन मिनिटांच्या थांब्यावर कोणी खाली उतरायचे नाही, हेही आलेखच सांगतो.

त्याच कागदावर उलट दिशेने येणाऱ्या गाडीची रेषा काढा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे गाड्या एकमेकींना भेटतात. एकेरी रुळाच्या मार्गावर हा छेदनबिंदू स्थानकातच यावा लागतो. समोरची गाडी उशिरा आली तर आपली गाडी तिची वाट पाहत थांबते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांची वाहतूक अशाच आलेखांवर आखली जाते.

उशीर कसा मोजावा?

प्रयोगशाळेत आपण एखादी लांबी पाच वेळा मोजतो आणि सरासरी काढतो. काही मापे थोडी जास्त येतात, काही थोडी कमी, आणि सरासरीत त्रुटी बऱ्याच अंशी कटतात. गाडीच्या उशिराला मात्र हा न्याय लागू पडत नाही. गाडी ठरलेल्या वेळेआधी सुटत नाही, पण उशीर कितीही होऊ शकतो. त्रुटी एकाच बाजूला आहे.

समजा एका गाडीचा सात दिवसांचा उशीर मिनिटांत असा आहे : ५, ०, २०, १०, ७५, १५, १५. बेरीज १४०, म्हणून सरासरी २० मिनिटे. आता पुढची गाडी ३० मिनिटांनी आहे. सरासरी पाहून तुम्ही म्हणाल, दहा मिनिटे हाताशी आहेत. पण सातपैकी एका दिवशी, ७५ मिनिटांच्या उशिराच्या दिवशी, तुमची पुढची गाडी निघून गेलेली असेल. वाटेत असे दोन बदल असतील तर दोन्ही साधण्याची शक्यता ६/७ गुणिले ६/७, म्हणजे ३६/४९, शेकडा सुमारे ७३. चारांतल्या जवळजवळ एका प्रवासात कुटुंब कुठेतरी अडकणार!

म्हणून गाडी बदलायची असेल तर सरासरी धरू नका, सर्वांत मोठा उशीर धरा. गाडी आज किती उशिरा धावते आहे हे आता मोबाईलवर दिसते. जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज ती नोंद वहीत घ्या. शेवटचा नियम असा, की दिवसातल्या शेवटच्या गाडीवर अवलंबून राहायचे नाही. ती चुकली तर दुसरा उपाय काय, हे आधीच लिहिलेले असावे.

वेळापत्रकही नवेच हवे. रामेश्वरम बेटाला जोडणारा १९१४ सालचा पांबनचा रेल्वेपूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला. शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. मधल्या काळात गाड्या समुद्राच्या अलीकडेच थांबत. जुन्या वेळापत्रकावर विसंबून निघालेल्या माणसाचा हिशेब तिथे चुकला असता. नव्या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिभार असतात. विहिरीवरच्या रहाटाला दुसऱ्या बाजूने वजन बांधावे तसे हे आहे. त्यामुळे पूल उचलण्यास फार कमी बल लागते. पूल येण्यापूर्वी जागे राहा.

तिकीट आणि पाणी

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. १० मेच्या सुमारास जायचे तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढावे लागेल. तेव्हा तुमची परीक्षा असते, म्हणून आखणी फेब्रुवारीतच पुरी करा. परतीच्या तिकिटाची तारीख वेगळी मोजा. बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना पूर्ण भाडे पडते. तेव्हा खर्चाच्या हिशेबात तुम्ही मोठेच आहात. मग कामातही मोठे व्हा. एकाने तिकिटे आणि वेळा सांभाळाव्या, दुसऱ्याने खर्चाची वही.

मे महिन्यात डब्यात उकाडा असतो. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा आणि ते कुठे कुठे भरून घेणार हे आलेखावर खूण करून ठेवा. बाटलीला ओले फडके गुंडाळले तर पाणी गार राहते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. फडक्यातले १० ग्रॅम पाणी उडाले आणि सगळी उष्णता बाटलीतूनच घेतली गेली, तर एक लिटर पाणी साडेपाच अंशांहून अधिक थंड होईल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेरच्या हवेतून येते, म्हणून फरक कमी पडतो. तरी सुरईचे तत्त्व हेच.

गाडीत बसल्यावर मार्गालगतचे किलोमीटरचे दगड किंवा पाट्या पाहा. एका पाटीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या संख्येने भागा. हा तुमचा ताशी वेग. ४५ सेकंद लागले तर ताशी ८० किलोमीटर.

काठीने पृथ्वी मोजा

आता या प्रवासाचा सर्वांत मोठा लाभ. वाशिम २०.१ उत्तर अक्षांशावर आहे आणि रामेश्वरम ९.३ वर. एवढ्या दक्षिणेला जाणाऱ्या माणसाला पृथ्वीचा परिघ मोजता येतो. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील दोन गावांतल्या माध्यान्हीच्या सूर्याची तुलना करून तो काढला होता.

यासाठी वाशिमला राहणारा एक मित्र हवा. सूर्याची जागा रोज थोडी बदलते, म्हणून दोन्ही ठिकाणी मोजमाप एकाच दिवशी झाले पाहिजे. दोघांनी एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी करावी. सकाळी ११.५० पासून १२.४० पर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणावे आणि सर्वांत लहान सावली मोजावी. ढग आले तर पंचाईत, म्हणून लागोपाठ दोन दिवस राखून ठेवा.

१० मेच्या सुमारास वाशिमला ही सावली सुमारे साडेचार सेंटिमीटर भरेल आणि उत्तरेकडे पडेल. रामेश्वरमला ती साडेचौदा सेंटिमीटर भरेल आणि चक्क दक्षिणेकडे पडेल! कारण मे महिन्यात सूर्य तिथल्या डोक्यावरून पुढे, उत्तरेला सरकलेला असतो. दोन्ही त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजा. ते साधारण २.५ आणि ८.३ अंश येतील. सावल्या विरुद्ध दिशांना आहेत म्हणून कोनांची बेरीज करा : १०.८ अंश. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर दोन्ही सावल्या उत्तरेकडे पडतात. तेव्हा वजाबाकी करा.

आता उत्तर-दक्षिण अंतर हवे. वेळापत्रकातले किलोमीटर इथे चालणार नाहीत, कारण रूळ वळणे घेत जातात. नकाशावर दोन्ही गावांच्या अक्षवृत्तांमधले सरळ अंतर पट्टीने मोजा आणि प्रमाणावरून किलोमीटर काढा. ते सुमारे १२०० येईल. म्हणून परिघ = ३६० ÷ १०.८ × १२०० = ४०,००० किलोमीटर.

नकाशातले अंतर तरी कोणी मोजले? १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साखळीने जमीन मोजण्यास सुरुवात केली आणि पुढे ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. १८२३ मध्ये काम चालू असतानाच लॅम्बटन आपल्या विदर्भात, हिंगणघाट येथे वारले. तुमची गाडी जे अंतर दीड-दोन दिवसांत कापते, तेवढे मोजायला या मंडळींना कित्येक वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. सर्वांत लहान सावली वाशिमला सुमारे १२ वाजून १८ मिनिटांनी पडते, रामेश्वरमला सुमारे १२ वाजून ९ मिनिटांनी. रामेश्वरम पूर्वेला आहे आणि दर अंश रेखांशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. प्रत्येक गावाने आपापला माध्यान्ह बारा वाजता धरला असता तर वेळापत्रक छापणेच अशक्य झाले असते. म्हणून १९०६ पासून ८२.५ पूर्व रेखांशाची वेळ ही भारताची प्रमाणवेळ ठरली.

तुमचे उत्तर नेमके ४०,००० येणार नाही. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची असल्यामुळे सावलीची कड पुसट असते. कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर परिघात सुमारे २००० किलोमीटरची चूक होते. ३८,००० ते ४२,००० मध्ये काहीही आले तरी उत्तम समजा. मात्र उत्तरापुढे चूक किती असू शकते ते लिहायला विसरू नका. गाडीच्या वेळेपुढे उशीर लिहायचा, तसेच हे आहे. आकडा लिहिणे सोपे असते. त्यावर किती विसंबावे हे ठरवणे, हीच खरी आखणी.

आणि घरातून निघण्यापूर्वी तिकिटावरची तारीख पुन्हा एकदा वाचा. मोठ्यांनाही वाचून दाखवा.