खनिज फॉस्फेटची प्रतवारी आणि श्रवणातीत ध्वनी

पिकाची मुळे जोमाने वाढावीत, दाणा चांगला भरावा व कडधान्यांच्या मुळांवरील गाठी पोसल्या जाव्यात, यासाठी स्फुरद हे अन्नद्रव्य आवश्यक असते, हे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु सुपरफॉस्फेटच्या पोत्यातील हा स्फुरद मुळात येतो कोठून, याची माहिती थोड्यांनाच असते. नत्रयुक्त खतांसाठी लागणारा नत्र हवेतून घेता येतो. स्फुरदाला असा अखंड साठा नाही. तो जमिनीतून खणून काढलेल्या खनिज फॉस्फेटच्या दगडापासूनच मिळवावा लागतो, आणि तो दगड तयार होण्यास लक्षावधी वर्षे लागतात. आपल्या देशात त्याचे साठे मर्यादित असून गरजेचा मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. म्हणून खणलेल्या दगडातील स्फुरद शक्य तितका हाती लागणे, ही शेतकऱ्याच्याही हिताची गोष्ट आहे. या कामी कानाला ऐकू न येणारा ध्वनी कसा साहाय्य करू शकतो, हे या लेखात सांगितले आहे.

निकस दगड सकस कसा करतात?

राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये खनिज फॉस्फेटचा मोठा साठा सापडला. तेथील काही दगड उत्तम प्रतीचा आहे. परंतु पुष्कळसा दगड निकस असून त्यात स्फुरदाबरोबर डोलोमाइट नावाचा चुनखडीच्या जातीचा दगड मिसळलेला आहे. खतकारखान्यात असा दगड तसाच वापरला, तर चुनखडीच गंधकाचे पुष्कळ आम्ल खाऊन टाकते आणि खत महाग पडते. यासाठी निकस दगड प्रथम दळून त्यातील स्फुरदाचे कण वेगळे काढावे लागतात. झामरकोटड्याच्या कारखान्यात सुमारे १६ ते १७ टक्के स्फुरद असलेल्या दगडापासून सुमारे ३४ टक्के स्फुरद असलेला माल तयार करतात.

हे कण वेगळे करण्याच्या रीतीस फेन-प्लवन, म्हणजे फेसावर तरंगविणे, असे म्हणतात. भाताचे बी निवडताना आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकतो. पोचट बी वर येते व भरीव बी तळाशी जाते. तेथे निवड वजनावर होते. फेन-प्लवनात मात्र निवड कणाच्या पृष्ठभागावर होते. अळवाच्या पानावर पाणी टिकत नाही, थेंब घरंगळून जातो; दुसऱ्या काही पृष्ठभागांवर तेच पाणी पसरते. त्याचप्रमाणे काही कण पाण्याला धरून राहतात व काही त्याला दूर सारतात. दळलेल्या दगडाच्या राबडीत तेलापासून मिळणारी आम्ले थोड्या प्रमाणात मिसळली, की ती ठराविक जातीच्या कणांवरच चिकटतात. मग तळातून हवा सोडली असता हे तेलकट कण बुडबुड्यांना बिलगून फेसाबरोबर वर येतात आणि बाकीचे खाली राहतात. दगडाच्या जातीप्रमाणे कधी फॉस्फेट तरंगवितात, तर कधी चुनखडी तरंगवून फॉस्फेट खाली ठेवतात.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील बेसेल बंधूंनी १८७७ मध्ये ग्रॅफाइट वेगळे करण्यासाठी अशाच रीतीचे पेटंट घेतले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणींत, टाकून दिलेल्या ढिगांतून जस्त परत मिळविण्यासाठी ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली.

नुकसान कोठे होते?

दगड दळताना त्याचे काही कण फार बारीक होतात, आणि मूळ दगडात चिकणमाती असेल तर तीही राबडीत उतरते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले असता त्यांतील एका भागाएवढे बारीक असे हे कण दोन प्रकारे हानी करतात. पहिली गोष्ट, ते चांगल्या कणांवर लेप धरतात व त्यामुळे तेल कणाला भिडतच नाही. दुसरी गोष्ट, त्यांचा एकूण पृष्ठभाग फार मोठा असल्याने ते स्वतःच पुष्कळसे तेल शोषून घेतात. परिणामी, स्फुरदाचा चांगला कणही गाळाबरोबर वाहून जातो. हा गाळ साठविण्यासाठी खाणींच्या आसपास विस्तीर्ण तळी बांधावी लागतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात अशा तळ्यांखाली पुष्कळ जमीन गुंतून पडली आहे.

ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे कार्य

माणसाच्या कानास दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीस श्रवणातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ अंधारात वाट शोधते ते याच ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून. दवाखान्यातील सोनोग्राफीचे यंत्रही त्यावरच चालते. काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज उत्पन्न होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. उलटपक्षी, अशा स्फटिकास बदलती वीज दिल्यास तो कंप पावतो. याच गुणाचा उपयोग करून फ्रान्समधील शास्त्रज्ञ लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पाण्यात प्रबळ श्रवणातीत ध्वनी निर्माण केला.

असा ध्वनी पाण्यातून जाताना पाणी क्षणात ताणले जाते व क्षणात दाबले जाते. ताणाच्या वेळी सूक्ष्म पोकळ्या उत्पन्न होतात आणि दाबाच्या वेळी त्या जोराने मिटतात. कणाजवळ पोकळी मिटली, की पाण्याची बारीक चिळकांडी त्याच्या अंगावर आदळते व वरचा लेप खरवडून निघतो. सोनाराच्या पेढीवर दागिन्यांच्या खाचांतील मळ काढणारी लहान यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

फेन-प्लवनात या ध्वनीचा उपयोग तीन ठिकाणी होऊ शकतो:

१. तेल घालण्यापूर्वी राबडीस ध्वनी दिल्यास कणांवरील मातीचा लेप सुटतो आणि पृष्ठभाग मोकळा होतो.

२. तेल पाण्यात मिसळताना ध्वनी दिल्यास त्याचे अतिशय बारीक थेंब होऊन ते सर्वत्र सारखे पसरते व कमी मात्रेत काम भागू शकते.

३. प्लवन चालू असताना सौम्य ध्वनी दिल्यास कणांवर सूक्ष्म बुडबुडे धरतात आणि मोठ्या बुडबुड्यांना बारीक कण बिलगणे सुलभ होते.

मात्रा आणि वेळ

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्वनी फार तीव्र झाला किंवा फार वेळ दिला, तर तोच अपकारक ठरतो. मग माती सुटण्याबरोबर तेलही सुटते, बुडबुड्याला बिलगलेला कण गळून पडतो आणि ठिसूळ कण फुटून गाळ आणखी वाढतो. पिकास पाणी उपकारक असले तरी अतिरेकाने मुळे कुजतात, तसेच हे आहे.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. आजवरचे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतील लहान भांड्यांत झालेले आहेत. कारखान्याच्या मोठ्या टाक्यांतील दाट राबडीत हा ध्वनी थोड्याच अंतरावर क्षीण होतो, कंप देणाऱ्या धातूच्या टोकाची झीज होते आणि विजेचा खर्च वाढतो. वाचलेल्या स्फुरदाची किंमत त्या खर्चाहून अधिक भरेल, तेथेच ही रीत स्वीकारणे इष्ट होय. म्हणून सर्व राबडीऐवजी फक्त तेलास, किंवा लेप धरलेल्या कणांच्या लहान प्रवाहास ध्वनी देणे अधिक व्यवहार्य दिसते.

ग्रामसेवकांसाठी

शेतकऱ्यांच्या बैठकीत फेन-प्लवनाचे तत्त्व सहज दाखविता येईल. बारीक, धुऊन वाळविलेली वाळू दोन वाट्यांत घ्यावी. एका वाटीतील वाळूस गोडेतेलाचे दोन-तीन थेंब चांगले चोळावेत. नंतर दोन पेल्यांतील पाण्यावर दोन्ही वाळू चिमटीने हळूच भुरभुरावी. कोरडी वाळू बुडेल. तेल चोळलेल्या वाळूचे बरेचसे कण वर राहतील. वाळू तीच, वजनही तेच. पालटला तो केवळ पृष्ठभाग, हे लोकांच्या ध्यानात आणून द्यावे.

खाणीत वाचविलेला स्फुरद शेतात वाया जाऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे. माती परीक्षणानुसारच मात्रा ठरवावी. सुपरफॉस्फेट वर फेकण्याऐवजी पेरणीच्या वेळी बियांच्या खाली व थोडे बाजूस पडेल असे पेरावे. दळलेले खनिज फॉस्फेट जसेच्या तसे वापरावयाचे असल्यास ते कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत उपयोगी पडते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते सहसा लागू पडत नाही. दगडातील स्फुरद मिळविण्यासाठी किती खटपट करावी लागते हे ज्याने जाणले, तो शेतकरी पोत्यातील मूठभर खतही जपून वापरील.