गोळी कुठे जाऊन थांबते?

९ मे १८६४. अमेरिकेतल्या यादवी युद्धात स्पॉटसिल्व्हेनियाच्या रणभूमीवर उत्तरेकडचे जनरल जॉन सेजविक आपल्याच सैनिकांची टर उडवत होते. शत्रूचे नेमबाज कुठे लांब तिकडे, आणि तुम्ही वाकताय कसले. एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच वेळात डाव्या डोळ्याखाली गोळी लागून ते कोसळले. वाक्य तोंडात अर्धवट असतानाच ते गेले, अशी दंतकथा पुढे रंगली. प्रत्यक्षात वाक्य त्यांनी पुरं केलं होतं, वर एकदा परत म्हणूनही दाखवलं होतं.

‘लांब आहे ना, मग कसला धोका?’ हा समज अजून टिकून आहे, आणि छोट्या काडतुसाबद्दल तर फारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात लक्ष्य अवघ्या ५० मीटरवर असतं. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे पॉइंट टू-टू, शिशाची, वजनाला अडीच ग्रॅमच्या जरा वर. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. असा सगळा चिमुकला मामला बघून पॉइंट टू-टू म्हणजे खेळणंच वाटतं. पण नळी नको तेवढी वर उचलली गेली आणि वाटेत काही आडवं आलं नाही, तर हीच गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊन पडते. नेमबाज लक्ष्याकडे बघतो. रेंज बांधणाऱ्याला मात्र लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघावं लागतं.

याची गंमतशीर साक्ष अमेरिकी सैन्याच्याच इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या मशीनगनची गोळी कागदावरच्या पल्ल्याच्या बरीच अलीकडे पडते. म्हणून मागे निमुळती होत गेलेली जड गोळी आणली, नाव एम-१. ती हवा इतकी छान कापायची, की थेट पाचेक किलोमीटर जायची. झालं! नॅशनल गार्डच्या कित्येक चांदमारी मैदानांमागची मोकळी जागा तिला पुरेना. शेवटी १९३० च्या दशकात सपाट बुडाच्या, हलक्या गोळीकडे परतावं लागलं. युद्धासाठी केलेली सुधारणा सरावाच्या मैदानाने माघारी पाठवली, असं उदाहरण विरळाच.

वरातीत हवेत बार काढणाऱ्यांचा हिशेब आणखी भाबडा असतो: वर गेलेली गोळी वरच विरून जाते. १९२० च्या सुमारास फ्लोरिडात पाण्यात उभारलेल्या मचाणावरून मुद्दाम सरळ वर गोळ्या झाडून बघितल्या गेल्या. पाचशेहून जास्त झाडल्या, मचाणावर परत पडल्या फक्त चार. बाकीच्या वाऱ्याने इकडेतिकडे नेल्या. खाली येतानाचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर निघाला, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. हाही बंदूक अगदी काटेकोर उभी धरली तर. तिरपी झाडलेली गोळी निघतानाचा वेग बराच राखून येते आणि म्हणून अधिक घातक ठरते. १९९९ मध्ये फिनिक्स शहरात घराच्या अंगणात उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा अशाच कुठूनशा आलेल्या गोळीने जीव घेतला. पुढच्या वर्षी ॲरिझोनाने कायदा कडक केला. भारतात २०१९ च्या दुरुस्तीपासून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गोळी आधी सरळ जाते आणि दमली की खाली येते, हे मात्र शिकलेली माणसंही बोलतात. गुरुत्वाकर्षण दमायची वाट बघत नाही. पॉइंट टू-टूची गोळी ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा हिस्सा घेते, आणि तेवढ्यात बारा-एक सेंटीमीटर खाली उतरते. नेमबाजाला ते जाणवत नाही, कारण साइट जुळवतानाच नळीला किंचित वरचा रोख दिलेला असतो.

इंग्लंडच्या बिसली रेंजवर हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, नेम धरतात तेव्हा हेच गणित अंगावर येतं. ७.६२ मिलिमीटरची गोळी तिथवर पोचायला दीड सेकंदाहून जास्त घेते आणि तीन-चार मजली इमारतीइतकी खाली येते. आडवा वारा ताशी १६ किलोमीटरचा असेल तर दोन मीटरांहून जास्त बाजूला सरकते. हा वारा झाडाची पानं हलवण्यापलीकडे फारसं काही करत नाही! म्हणून तिथले नेमबाज दुर्बिणीपेक्षा वाऱ्यात फडफडणाऱ्या निशाणांकडे जास्त बघत बसलेले दिसतात. आणि बार ऐकून खाली वाकू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: तो आवाज हजार यार्डांवर गोळीच्या सुमारे सेकंदभर मागून पोचतो.

तरीही सगळं गणित बरोबर येऊन घोळ होतोच. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांचा सामना झाला. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने वारा, अंतर, सगळं अचूक जोखून थेट मध्यभाग फोडला. पण तो शेजारच्या लक्ष्याचा होता. नियमाने गुण शून्य. मध्यभागाचे गुण चार, आणि अंतिम निकाल अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.