पेटलेला डबा तोडून गाव वाचवलं : 1944 च्या युद्धातला रेल्वे ड्रायव्हर गिंबर्ट

कारंजाच्या जुन्या मंडळींना शकुंतलेचं वाफेचं इंजिन आठवत असेल. 1994 पर्यंत ते धावलं. अशा इंजिनवर दोन माणसं लागत. गाडी चालवणारा ड्रायव्हर आणि भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन.

इंग्लंडमधल्या अशाच एका जोडीची ही गोष्ट. ड्रायव्हर बेंजामिन गिंबर्ट, वय 41. फायरमन जेम्स नाइटॉल, अवघा 22 वर्षांचा.

2 जून 1944 ची मध्यरात्र उलटून गेली होती. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. 51 डब्यांच्या मालगाडीत सुमारे 400 टन बॉम्ब भरलेले. सोहम गावाजवळ गिंबर्टनं मागं पाहिलं तर इंजिनला लागून असलेला पहिलाच डबा पेटलेला. त्यातही बॉम्बच होते. इंजिनातली ठिणगी उडाली असावी, असं पुढं मानलं गेलं.

दोघं उतरून पळाले असते तर कदाचित वाचले असते. पण मागच्या 50 डब्यांनी सोहम उरलं नसतं. गिंबर्टनं गाडी थांबवली. नाइटॉल हातोडा घेऊन उतरला आणि त्यानं पेटलेल्या डब्यामागची कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारी साखळी, सोडवली. मग तो एकच डबा ओढत ते गावाबाहेर न्यायला निघाले. पुढची लाइन मोकळी आहे का, हे गिंबर्ट केबिनजवळ सिग्नलमनला विचारत होता, तेवढ्यात स्फोट झाला. मागची गाडी तोवर जेमतेम सव्वाशे मीटर दूर राहिली होती.

नाइटॉल जागीच गेला. सिग्नलमन फ्रँक ब्रिजेस दुसऱ्या दिवशी वारला. स्टेशन जमीनदोस्त झालं, शेकडो घरांचं नुकसान झालं. पण बाकीचे डबे फुटले नाहीत अन् गाव राहिलं. रूळ त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा सुरू झाले! चारच दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठी चढाई होती.

गिंबर्ट दूर फेकला गेला, अंगभर जखमा झाल्या, तरी वाचला. त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला, नाइटॉलला मरणोत्तर. शत्रूसमोर लढताना नव्हे, तर इतर प्रसंगी जीव धोक्यात घालणाऱ्यांना ब्रिटनमध्ये मिळणारा हा सर्वोच्च सन्मान. गिंबर्ट 1976 साली वारला. दोघांची नावं नंतर रेल्वेच्या दोन इंजिनांना दिली गेली.

आपल्याकडेही 1965 च्या युद्धात राजस्थान सीमेवर गडरा रोडकडे लष्कराची रसद पोचवताना 17 रेल्वे कर्मचारी शहीद झाले. 9 सप्टेंबरला त्यांच्या स्मारकावर रेल्वेवाले फुलं वाहतात.